मायक्रोकॅप्सूलचं बेंचटॉप किट: होमोजिनायझरसाठी घ्या, मायक्रोस्कोपच्या भरवशावर राहू नका

तेलाच्या थेंबाभोवती पॉलिमरची भिंत चढून मायक्रोकॅप्सूल कशी बनते हे स्वतःच्या लॅबमध्ये करून बघायचं असेल तर हे किट घ्यायला हरकत नाही. फक्त ते सर्वांगाने पूर्ण आहे अशा समजुतीने घेऊ नका. थेंब पाडायचं काम ते उत्तम करतं, भिंत चढवायचं काम पद्धतीगणिक कमी-जास्त जमतं, आणि चढलेली भिंत तेल धरून ठेवते का हे तपासायची वेळ आली की हात वर करतं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे घ्यायच्या विचारात आहेत त्यांना वर्णनावरून अंदाज येईलच.

मी कपड्यांच्या सॉफ्टनर आणि डिटर्जंटच्या फॉर्म्युलेशनमध्ये काम करते. आमच्याकडे सुगंधाच्या कॅप्सूलची तयार स्लरी (पाण्यातलं कॅप्सूलचं दाट मिश्रण) ड्रममधून येते, आम्ही ती उत्पादनात मिसळतो, आणि वास टिकला नाही की पुरवठादाराशी वाद घालतो. पण आत काय घडतं हे हाताने केल्याशिवाय पुरवठादाराला नेमका प्रश्नही विचारता येत नाही. तो ‘कोअर-शेल रेशो’ (आतलं तेल आणि भिंत यांचं प्रमाण) म्हणतो, आपण मान डोलावतो. ही खरेदी त्यासाठी होती. उत्पादन करायला हे किट घेतलेलं नाही, आणि कोणी घेऊही नये.

खोक्यात निघतं ते असं: एक लिटरचं दुहेरी भिंतीचं काचेचं भांडं, बाहेरच्या पोकळीतून पाणी फिरवणारा छोटा सर्क्युलेटर, वरून लटकणारा स्टरर, वेगळा रोटर-स्टेटर होमोजिनायझर (स्थिर जाळीच्या आत वेगाने फिरणारं पातं, तेलाचे बारीक थेंब करणारं), पीएच मीटर, यूएसबी मायक्रोस्कोप आणि रसायनांच्या बाटल्यांचा ट्रे. चाचणीचं तेल म्हणून लिमोनीन (संत्र्याच्या सालीतलं तेल) दिलंय, त्यात आधीच सुदान रेड हा तेलात विरघळणारा लाल रंग मिसळलेला. पद्धती तीन: जिलेटिन आणि गम अरेबिकचं कोॲसर्व्हेशन (विरुद्ध भारांच्या ओढीने भिंत), युरिया-फॉर्मल्डिहाइडचं इन-सिटू पॉलिमरायझेशन (पॉलिमर पाण्यात बनून थेंबावर बसतं) आणि पॉलियुरियाचं इंटरफेशियल पॉलिमरायझेशन (पॉलिमर थेंबाच्या कडेलाच बनतं). फॉर्मल्डिहाइडचं ३७ टक्क्यांचं द्रावण आपलं आपण आणायचं, हे खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. मागवण्याआधी वाचा.

आता होमोजिनायझर. पैसे वसूल होतात ते इथेच.

भिंतीच्या केमिस्ट्रीवर सगळे तावातावाने बोलतात, पण कॅप्सूलचं निम्मं भवितव्य भिंत यायच्या आधीच ठरलेलं असतं. थेंब ज्या मापाचा पडला त्याच मापाची कॅप्सूल होणार, नंतर ती सुधारत नाही. मॅन्युअलमध्ये यासाठी एक हिशोब दिलाय, तो आमच्या नव्या मुलांकडून मी फळ्यावर करून घेतला. १०० मिलिलिटर तेलाचे २० मायक्रॉन व्यासाचे थेंब केले तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ३० चौरस मीटर होतो. त्याच तेलाचे ५ मायक्रॉनचे थेंब केले तर १२० चौरस मीटर. समजा तुमच्याकडे १० मिलिलिटर जागा व्यापेल एवढं पॉलिमर आहे. ते पहिल्या बाबतीत साधारण ०.३३ मायक्रॉनची भिंत देतं, दुसऱ्या बाबतीत ०.०८ मायक्रॉनची. रेसिपी तीच, वजनं तीच, फक्त होमोजिनायझर जरा जोरात फिरला आणि भिंत चौपट पातळ झाली. पुरवठादार ‘आम्ही काहीच बदललं नाही’ असं म्हणतो तेव्हा आता मी थेंबाच्या मापाचा आलेख मागते.

यातलं यंत्र खरोखर चांगलं आहे. स्वस्तातल्या होमोजिनायझरचा एक ठरलेला दोष असा की द्रव घट्ट झाला की आकडा तोच दाखवत फेऱ्या मात्र कमी होतात. इथे तसं होत नाही. पीव्हीएचं (पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचं) घट्ट द्रावण असो की गमचं, लावलेला वेग यंत्र धरून ठेवतं. स्टेटरच्या दोन जाळ्या येतात, एक मोठ्या छिद्रांची, एक बारीक. मोठीने सुरुवात करून बारीकवर गेलं की थेंबांची मापं पुष्कळ एकसारखी येतात. डोकं भांड्याच्या मधोमध न धरता जरा बाजूला आणि तळापासून थोडं वर धरायचं, हे मॅन्युअलमध्ये चित्रासकट आहे, आणि ते पाळा. मधोमध धरलं की भोवरा पडतो, भोवऱ्यातून हवा आत जाते आणि फेस होतो. फेस नुसता दिसायला वाईट असतो असं नाही. हवेच्या बुडबुड्यावरही पॉलिमर येऊन बसतं. तेवढी भिंत फुकट जाते.

काचपट्टीवर हे बघण्यासारखं आहे. लाल तेलाचा पहिला नमुना मिनिटभराने घेतला तर मोठमोठे लाल गोळे आणि त्यांच्यामध्ये बारीक ठिपके दिसतात. ठिपके संख्येने खूप जास्त, म्हणून बघणारा खूश होतो. पण २०० मायक्रॉनच्या एका गोळ्यात २० मायक्रॉनच्या एक हजार थेंबांएवढं तेल असतं. तेल सगळं त्या चार गोळ्यांत बसलेलं असतं आणि तेच आधी फुटतात. आणखी काही मिनिटं फिरवलं की गोळे नाहीसे होतात, पट्टीभर जवळजवळ एका मापाचे लाल मणी उरतात. तिथे थांबायचं. पुढे फिरवत राहिलं तर माप फारसं घटत नाही, द्रव मात्र तापतो आणि लिमोनीनचा वास खोलीभर पसरतो. म्हणजे तेल कॅप्सूलऐवजी हवेत चाललंय. सर्क्युलेटरमधून थंड पाणी सोडून हे आटोक्यात राहतं.

इमल्शन (पाण्यात पसरलेल्या तेलाच्या थेंबांचं मिश्रण) झालं की ते रात्रभर टेबलावर ठेवून बघा, ही सूचना मॅन्युअलमध्ये नाही आणि असायला हवी होती. लिमोनीनची घनता ०.८४ च्या आसपास, म्हणून थेंब वर चढून थर धरणारच. तो थर हलकेच ढवळल्यावर पुन्हा पूर्वीच्याच मापाचे थेंब दिसले तर ठीक. मापं वाढली असतील तर थेंब एकमेकांत मिसळू लागले आहेत. अशा इमल्शनवर भिंत चढवायला बसू नका, इमल्सिफायर (थेंबांना वेगळं ठेवणारा पदार्थ) बदला.

कोॲसर्व्हेशनचा धडा हा किटमधला सर्वांत नीट रचलेला भाग. आधी तेल न घालताच करायला लावतात. जिलेटिन आणि गम अरेबिकची कोमट द्रावणं एकत्र केली की मिश्रण पारदर्शक असतं. ४५ अंशांना ठेवून ढवळत ढवळत पातळ ॲसेटिक आम्ल थेंबाथेंबाने सोडायचं. पीएच ५ च्या खाली उतरेपर्यंत विशेष काही होत नाही. मग ४.५ च्या आसपास भांड्यात एक निळसर धूसरपणा येतो आणि बघता बघता सगळं दुधी होतं. किटमधलं जिलेटिन ए प्रकारचं आहे, त्याचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला एकूण भार शून्य असतो तो) पीएच ७ ते ९ च्या दरम्यान असतो. त्याखाली ते धनभारित होतं. गम अरेबिकवर त्याच्या कार्बोक्झिल गटांमुळे ऋणभार असतो. दोघं एकमेकांना ओढतात आणि पाण्यातून वेगळी होऊन घट्ट द्रवाचे सूक्ष्म थेंब बनतात. तेल असेल तर हेच थेंब तेलाभोवती पसरून एकसंध होतात.

तेल घालूनच सुरुवात केली असती तर यातलं काही दिसलं नसतं, कारण इमल्शन आधीच पांढरट असतं. आमच्याकडच्या एका मुलीने पुढच्या पायरीला नेमकं हेच विचारलं: “मॅडम, हे मघाशीही असंच दिसत होतं. मग झालं काय नेमकं?” पट्टी मायक्रोस्कोपखाली ठेवली, लाल मण्यांभोवती फिकट कडं दिसलं आणि प्रश्न मिटला. आधी कोरा प्रयोग करून घेतला नसता तर ते कडं कसलं हे समजावताना माझा घसा बसला असता.

इथे दोन गोष्टी मॅन्युअलने तळटिपेत ढकलल्या आहेत आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. एक, पाणी डीआयॉनाइज्डच (क्षार काढलेलंच) हवं. क्षार असले की भार झाकले जातात आणि ओढाताण संपते. मग कितीही आम्ल घाला, भिंत येत नाही. दुसरं, थंड करताना घाई नको. हळूहळू २५ अंशांपर्यंत आणून मग १० अंशांच्या खाली न्यायचं. झटकन थंड केलं तर कॅप्सूल एकमेकींना चिकटून घोस बनतात, आणि एकदा बनलेला घोस ढवळून सुटत नाही.

क्रॉसलिंकिंगला (भिंतीतल्या साखळ्या एकमेकींना पक्क्या जोडायला) ट्रान्सग्लुटामिनेज एन्झाइम दिलंय, ग्लुटाराल्डिहाइड नाही. शिकण्याच्या लॅबसाठी ही निवड शहाणपणाची, कारण ग्लुटाराल्डिहाइडच्या वाफेने दम्यासारखा त्रास जडू शकतो. एन्झाइम घालण्यापूर्वी थोडी स्लरी बाजूला काढून पुन्हा ४५ अंशांना तापवा असं सांगितलंय. तापवली की भिंत विरघळते आणि लाल तेल वर तरंगतं. रात्रभर एन्झाइमसोबत ठेवलेली स्लरी तशीच तापवली तर तेल वर येत नाही. क्रॉसलिंकिंग कशासाठी, हे यानंतर कोणालाही सांगावं लागत नाही.

याच धड्याला जोडून एक प्रयोग आहे, कार्बनलेस कागदाचा, म्हणजे मध्ये कार्बन न घालता खालच्या कागदावर प्रत उमटवणाऱ्या कागदाचा. संपूर्ण क्षेत्राची सुरुवात याच वस्तूपासून झाली: नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीच्या बॅरेट ग्रीन आणि लॉवेल श्लायशर यांनी १९५० च्या दशकात जिलेटिनच्या भिंतीत तेल कोंडलं, त्या तेलात रंगहीन डाय विरघळवला आणि कॅप्सूलचा थर कागदाच्या पाठीवर दिला. पेनाच्या दाबाने कॅप्सूल फुटते, डाय खालच्या कागदावरच्या आम्लधर्मी मातीला लागतो आणि निळा उमटतो. किटमध्ये क्रिस्टल व्हायोलेट लॅक्टोन, डायआयसोप्रोपिलनॅफ्थलीन तेल आणि मातीचा लेप दिलेले कागद आहेत. आपण केलेली स्लरी ब्रशने फासायची, वाळवायची आणि वर लिहायचं. सोबत स्टार्चची एक पुडी येते, ती फेकू नका. स्टार्चचे दाणे कॅप्सूलपेक्षा मोठे असतात आणि कागद एकावर एक रचल्यावर वजन ते पेलतात. स्टार्चशिवाय फासलेले कागद नुसते गठ्ठ्यात ठेवले तरी ठिकठिकाणी निळे डाग पडले. कॅप्सूल कधी फुटावी आणि कधी फुटू नये हा आमच्या धंद्यातला खरा प्रश्न, आणि तो या पुडीने जितका स्पष्ट होतो तितका कुठल्या व्याख्यानाने झालेला मी पाहिला नाही. (मॅन्युअलमध्ये या तेलाच्या जागी पूर्वी काय वापरत ते नाही. अमेरिकेत १९७१ पर्यंत कार्बनलेस कागदात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल, विषारी आणि न कुजणारं) वापरत असत, आणि रद्दीच्या पुनर्वापरातून ते इतर कागदांतही पोचलं. तीन ओळी छापल्या असत्या तर बिघडलं नसतं.)

युरिया-फॉर्मल्डिहाइडची रेसिपी या क्षेत्रातल्या कोणालाही लगेच ओळखू येईल. इलिनॉय विद्यापीठातल्या स्कॉट व्हाइट आणि नॅन्सी सॉटोस यांच्या गटाने स्वतःहून भेग भरणाऱ्या पदार्थांसाठी डायसायक्लोपेंटाडाईन कोंडलं होतं, त्याची पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. इथे तेल बदललंय, बाकी सांगाडा तोच: पाण्यात इथिलीन-मॅलेइक ॲनहायड्राइड कोपॉलिमर, युरिया, अमोनियम क्लोराइड, रेसॉर्सिनॉल, पीएच ३.५, तेल घालून इमल्शन, मग फॉर्मल्डिहाइड, मिनिटाला एक अंश या गतीने ५५ अंशांपर्यंत आणि तिथे चार तास. श्रेय कुठेही दिलेलं नाही, हे खटकलं.

पद्धत मात्र भरवशाची. मूळ कामात ढवळण्याचा वेग २०० ते २००० आरपीएम ठेवून १० ते १००० मायक्रॉनच्या कॅप्सूल मिळाल्या होत्या आणि भिंत १६० ते २२० नॅनोमीटरची होती. म्हणजे इथे रोटर-स्टेटरची गरजच नाही, साध्या स्टररवर काम भागतं. मॅन्युअल तरीही आधी होमोजिनायझर फिरवायला सांगतं. तसं केलं की थेंब फार बारीक होतात, आणि वरच्या हिशोबाप्रमाणे भिंतीला पॉलिमर पुरत नाही. मोठ्या कॅप्सूल हव्या असतील तर ती पायरी गाळा; आमच्यासारख्यांना बारीक हव्या असतील तर युरिया आणि फॉर्मल्डिहाइड दोन्ही त्याच प्रमाणात वाढवा.

पीएचकडे मात्र डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. अमोनियम क्लोराइड फॉर्मल्डिहाइडशी अभिक्रिया करून आम्ल सोडतं, त्यामुळे पीएच आपोआप उतरत जातो. ते अपेक्षितच आहे, त्यानेच रेझिन (युरिया-फॉर्मल्डिहाइडचं पॉलिमर) पाण्यातून बाहेर पडून थेंबावर बसतं. पण सुरुवातच ३ च्या खाली झाली तर रेझिन थेंबापर्यंत पोचायच्या आधी पाण्यातच घट्ट होतं. मग भांड्यात पांढरा गाळ, भांड्याच्या काचेवर पापुद्रा आणि थेंब उघडेच. किटचा पीएच मीटर कॅलिब्रेट करून दिलाय असं खोक्यावर लिहिलंय. आमच्या बफरशी (ठाऊक पीएचच्या द्रावणाशी) ताडून पाहिला तर आम्लाच्या बाजूला सरळ चुकीचा आकडा दाखवत होता. इलेक्ट्रोड साधा, बदलता येणारा आहे, तेवढं बरं. कोपॉलिमरचं द्रावण करायला वेळ लागतो, गरम पाण्यात तासन्‌तास ढवळावं लागतं. ते आदल्या दिवशी करून ठेवा.

फेसावर ऑक्टॅनॉलचे एक-दोन थेंब टाकायचे. बाटली दिलेली आहे. वास घाणेरडा आहे, सुगंधाच्या लॅबमध्ये तर फारच.

पॉलियुरियाच्या धड्याने निराशा केली. तत्त्व सुंदर आहे: आयसोसायनेट तेलात, अमाइन पाण्यात, दोघांची गाठ फक्त थेंबाच्या कडेला, आणि तिथे काही क्षणांत भिंत. फॉर्मल्डिहाइड लागत नाही, म्हणून उद्योगात याला मागणी आहे. पण मॅन्युअल अमाइन घालतानाही होमोजिनायझर चालू ठेवायला सांगतं. कोवळी भिंत त्या जाळीतून जाताना फाटते. पट्टीवर रिकामी टरफलं आणि मोकळं लाल तेल दिसतं. होमोजिनायझर काढून घेऊन, स्टरर मंद ठेवून अमाइन हळूहळू सोडलं की कॅप्सूल शाबूत राहतात. हे कंपनीला लिहून कळवलं. ‘मॅन्युअलप्रमाणे करावे’ असं उत्तर आलं.

दुसरं अधिक गंभीर. एकदा भिंत आली की तीच अमाइनची वाट अडवते, त्यामुळे आत थोडं आयसोसायनेट अभिक्रिया न होता राहतं. ते नंतर पाण्याशी अभिक्रिया करत बसतं आणि कार्बन डायऑक्साइड सुटत राहतो. म्हणून शेवटी ६०-७० अंशांना काही तास ठेवून ते संपवायचं असतं. मॅन्युअलमध्ये ही पायरीच नाही. तिथे थेट ‘स्लरी बाटलीत भरून झाकण घट्ट लावा’ असं आहे. आमच्या बाटलीचं झाकण सकाळपर्यंत घुमटासारखं फुगलं होतं आणि सैल करताना फस्सकन वायू सुटला. काचेची बाटली असती तर काय झालं असतं याचा विचार या कंपनीत कोणीतरी करायला हवा.

आणि लिमोनीन. चाचणीला हे तेल निवडण्यात चलाखी आहे. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आयसोसायनेटला हात लावत नाही, अमाइनकडे ढुंकून बघत नाही. याच्यावर कुठलीही पद्धत चांगली दिसते. खऱ्या सुगंधात अल्कोहोल असतात, अल्डिहाइड असतात. फिनाइल इथाइल अल्कोहोल पाण्यात लिटरला २० ग्रॅमच्या आसपास विरघळतं, म्हणजे भिंत चढेस्तोवर त्याचा बराच भाग बाहेर निसटलेला असतो. अल्डिहाइड पॉलियुरियाच्या अमाइनशीच अभिक्रिया करतात. वासही बदलतो आणि भिंतीला अमाइनही कमी पडतं. आम्ही आमचं एक साधं परफ्यूम तेल घालून पाहिलं तेव्हा पॉलियुरियाची स्लरी पिवळी पडली. या किटवर लिमोनीनने मिळालेला निकाल बघून कोणी आपल्या तेलाबद्दल शब्द देऊ नये.

मायक्रोस्कोपबद्दल बोलायचं तर नाव मोठं, लक्षण खोटं. खोक्यावर ‘१००० पट’ छापलंय. पडद्यावर चित्र मोठं होतं, स्पष्ट होत नाही. २० मायक्रॉनचे लाल मणी दिसतात, कोॲसर्व्हेशनची जाड भिंत कड्यासारखी दिसते, इतपत ठीक. युरिया-फॉर्मल्डिहाइडची २०० नॅनोमीटरची भिंत मात्र चांगल्या प्रकाशीय मायक्रोस्कोपच्याही क्षमतेच्या सीमेवर असते, या खेळण्यात ती दिसणं शक्यच नाही. मॅन्युअलमधले भिंतीचे देखणे फोटो इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचे आहेत आणि तसा उल्लेख कुठेही नाही. तुमच्या लॅबमध्ये साधा जुना बायनॉक्युलर मायक्रोस्कोप असेल तर तोच वापरा.

तपासणीच्या नावाखाली मॅन्युअलमध्ये एवढंच आहे: स्लरी ठेवून द्या, वर लाल थर दिसला नाही तर एन्कॅप्स्युलेशन (तेल कोंडलं जाणं) ९८ टक्के समजा. हा आकडा आला कुठून? वर थर न दिसणं म्हणजे फार तर तेल इमल्शनमध्ये अडकलेलं आहे. भिंत न चढवलेल्या चांगल्या इमल्शनवरही तासभर तेलाचा लाल थर दिसत नाही, आम्ही ते शेजारी ठेवून पाहिलं.

सुदान रेड मात्र इथे उपयोगी पडला. स्लरीवर थोडं हेक्सेन घालून हलकेच फिरवलं की मोकळं तेल हेक्सेनमध्ये जातं आणि वरचा थर लाल होतो. किती लाल, हे रंगमापकावर मोजता येतं. मग काचेच्या कांडीने थोड्या कॅप्सूल चिरडून पुन्हा मोजायचं. पहिला रंग म्हणजे बाहेरचं तेल, दुसरा म्हणजे आत कोंडलेलं. किटमध्ये हेक्सेनचा आणि चार झाकणाच्या नळ्यांचा समावेश करणं अवघड नव्हतं. आमच्यासाठी याच्याही पुढची परीक्षा असते: स्लरी सॉफ्टनरमध्ये मिसळून ४० अंशांना काही आठवडे ठेवायची. सॉफ्टनरमधले सर्फॅक्टंट (साबणासारखे पदार्थ) भिंतीतून तेल शोषून काढतात, आणि पाण्यात छान टिकलेली कॅप्सूल तिथे रिकामी होते. जिलेटिनच्या भिंतीचं तर विचारूच नका. ती कपड्यावर येईतो आत काही शिल्लक नसतं. कागदासाठी ती उत्तम, सॉफ्टनरसाठी निरुपयोगी.

सुरक्षेच्या पानावर माझा खरा राग आहे. फॉर्मल्डिहाइड हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलेलं आहे. आयसोसायनेटमुळे एकदा श्वसनाची ॲलर्जी जडली की पुढे अगदी थोड्या मात्रेनेही त्रास होतो. आणि हे किट देतं काय, तर नायट्राइलचे हातमोजे आणि धुळीचा कापडी मास्क. कापडी मास्क वाफेला अडवत नाही. मॅन्युअल म्हणतं ‘हवेशीर जागी काम करावे’. फ्यूम हूड (वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट) नसेल तर कोॲसर्व्हेशनचा धडा करा, बाकीच्या दोन पद्धतींच्या बाटल्यांची सीलं तशीच राहू द्या. हे किट कॉलेजांनाही विकलं जातं, म्हणून मुद्दाम लिहिते.

युरिया-फॉर्मल्डिहाइडच्या तयार स्लरीतही मोकळं फॉर्मल्डिहाइड उरतं. ते पकडायला शेवटी जादा युरिया किंवा सोडियम बायसल्फाइट घालण्याची रीत आहे, किटमध्ये त्याचा पत्ता नाही.

खोक्यावर हिरव्या पानाचं चित्र आहे आणि ‘पर्यावरणस्नेही कॅप्सूल’ असं लिहिलंय. तीनपैकी दोन भिंती कृत्रिम पॉलिमरच्या, सहजी न कुजणाऱ्या. युरोपियन युनियनने २०२३/२०५५ क्रमांकाच्या नियमाने अशा सूक्ष्म कणांवर बंधन आणलंय. तो १७ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आला आणि सुगंधाच्या कॅप्सूलना १७ ऑक्टोबर २०२९ पर्यंतची मुदत मिळाली आहे. जगभरचे कॅप्सूलवाले सध्या कुजणाऱ्या भिंतीच्या मागे लागलेत ते यामुळे. त्यांचीच झोप उडालेली असताना या किटने पान छापून मोकळं व्हावं, हे जरा जास्तच झालं.

भांड्याची साफसफाई सोपी आहे, फक्त रेझिनचा पापुद्रा वाळायच्या आत धुवा. वाळल्यावर तो खरवडावाच लागतो आणि काचेवर चरे पडतात. होमोजिनायझरच्या दांड्यातलं टेफ्लॉनचं बुश झिजतं आणि मग स्लरीत पांढरे कण दिसू लागतात, जे पॉलिमरचे वाटतात पण नसतात. आमचं झिजलं तेव्हा सुटा भाग मागवला. मॅन्युअलच्या शंकांना उडवाउडवीची उत्तरं देणाऱ्या याच कंपनीने बुश चटकन पाठवलं. मागवताना दांड्याचा नंबर सोबत द्या, जुन्या आणि नव्या मॉडेलचं बुश वेगळं आहे.